परतीचा आहेर

सेनगावात आमची आई आहेरासाठी प्रसिद्ध होती. कुणाचाही आहेर ती बिनपरतीचा ठेवत नसे. कुणी ब्लाउजपीस दिला की त्यांच्या घरच्या पुढच्या लग्नात त्याहून बरा ब्लाउजपीस पोचलाच म्हणून समजा. एखादा पीस चार घरं फिरून आमच्याकडेच आला, तर माहेरी आलेल्या लेकीसारखा ती त्याला लांबून ओळखायची.

अशी ही बाई चर्चमध्ये प्रभुभोजनाला मात्र हात लावत नव्हती. महिन्यातून एकदा हिंगोलीहून जीपने पाळक येत, आमच्या पत्र्याच्या चर्चमध्ये भाकर आणि पेला फिरे, आणि आई हात पदराखाली घेऊन बसे. "माझा विश्वासच बसंना अजून. खोटं कसं खाऊ?" बाबांना तोंड लपवायला जागा उरत नसे. मला तिचा राग यायचा. पण प्रार्थनेत सगळ्यांत आधी डोळे तीच मिटायची, आणि उघडल्यावर पोस्टमन दारावरून पुढं निघून गेल्यासारखा तिचा चेहरा व्हायचा. तेव्हा फार वाईट वाटायचं.

नव्वदच्या दशकात नगरकडचे नवे पाळक आले. विश्वास कमवावा लागत नाही, देव तो कृपेनं देतो, आहेर देतात तसा, असं त्यांनी उपदेशात सांगितलं. झालं. घरी आल्याबरोबर आई बाबांवरच उखडली. "आहेर व्हय? मंग आदी काहून न्हाई सांगितलं?"

पुढच्या महिन्यात तिनं बाजारातून कोरा करकरीत टावेल आणि टोपी आणली. उपासना ऐन रंगात असताना ती उठली आणि दोन्ही वस्तू भाकरीच्या ताटाशेजारी ठेवून आली. बाबांनी डोळे मिटले. प्रार्थना चालू नव्हती.

"मावशी, हे मला कशाला?" पाळक म्हणाले.

"तुमाला न्हाई, त्याला. एवढं मोठं देतो म्हणता, आपून रिकाम्या हातानं कसं घ्यावं?"

"त्याला परतीचा आहेर लागत नाही."

"आमच्यात असं चालत न्हाई."

पाळकांनी जरा विचार केला. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवून राहिला होता. "बरं, मला सांगा, कुणी काही दिलेलं नसताना तुम्ही परतीचा आहेर नेता का?"

"न्हाई बा. मिळाल्याबिगर कसा..." आई थांबली. टावेलाकडं बघत राहिली. "म्हंजी मला पोचलाय व्हय तो?"

पाळक नुसते हसले. आईला रडू आलं, आणि पदर विसरून तिनं समोरच्या त्या कोऱ्या टावेलानंच डोळे पुसले. मग तिच्या लक्षात आलं. वापरलेला टावेल आहेरात देत नाहीत, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं तो गुपचूप काखेत घेतला, टोपी बाबांच्या मांडीवर ठेवली आणि जागेवर जाऊन बसली.

भाकर आली तेव्हा आईनं हात पुढं केला. परत काही दिलं नाही.