शांतम्माच्या हातातली दोन लिंगं

देवणीजवळच्या त्या गावात शांतम्माला सगळे ‘कप्तानाची अव्वा’ म्हणत. मुलाला, विरूपाक्षला, वीरचक्र मिळालं तेव्हापासूनचं ते नाव. तोंडावर ती हसायची, पाठ वळली की म्हणायची, “नाव घ्यायला काय जातंय लोकांचं!”

तिच्या जिवाला एकच घोर होता. लिंगायताच्या गळ्यातलं लिंग मरेपर्यंत उतरत नाही. मेल्यावर बसवून मातीत ठेवतात, तेव्हा ते डाव्या तळहातावर देतात. विरूपाक्षचं लिंग मात्र शांतम्माच्या देवळीत होतं.

चूक तिचीच. एकाहत्तरच्या दिवाळीनंतर तो सुटीवर आला, तेव्हा लिंग साध्या कापडात बांधून गळ्यात होतं. कप्तानाला हे शोभतं का, म्हणून तिने हट्टाने काढून घेतलं आणि चांदीची डबी करायला उदगीरच्या सोनाराकडे दिलं. “अव्वा, लिंगाशिवाय पाणी प्यायचं न्हाई म्हणून तूच शिकवलं की,” तो म्हणाला. “चार दिवस देव डोळे झाकून बसंल,” ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी तार आली, सुट्ट्या रद्द. तो तसाच गेला. डिसेंबरात सीमेवर पडला. पलटणीने तिथेच अग्नी दिला आणि घरी कलश पाठवला.

जळालेल्याची समाधी कशी करायची, यावर मठात खल झाला. शेवटी स्वामींनी तोडगा काढला: राख मातीत ठेवू, वर लिंग ठेवू. खड्ड्याची जागाही ठरली, शेताच्या बांधावर. तेवढ्यात जिल्ह्याच्या गावाहून स्मारक समितीची माणसं जीप घेऊन आली. मंत्री येणार, मिरवणूक निघणार, मोठी समाधी बांधणार. तोवर कलश समितीकडे राहू द्या. स्वामी नको म्हणत होते. शांतम्मा हो म्हणाली. चांदीच्या डबीची हौस अजून फिटली नव्हती तिची, दुसरं काय!

मंत्री आले नाहीत. बहात्तरला दुष्काळ आला. शांतम्मा खडी फोडायला गेली. मुकादमाने हजेरीपटावर ‘वीरमाता’ लिहिलं आणि खडी इतरांइतकीच मोजून घेतली. ती समितीकडे माणूस पाठवायची. उत्तर यायचं, एवढा दुष्काळ सरू द्या. दुष्काळ सरला. मग समितीत भांडणं लागली. रोज आंघोळ झाली की आपल्या लिंगाची पूजा करून ती लेकाच्या लिंगालाही पाणी घालायची आणि म्हणायची, “थांब रे जरा.” दहा वर्षं.

ब्याऐंशीत लातूर जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला सगळंच नवं लागलं, त्यात एक वीरही लागला. पत्र आलं: सव्वीस जानेवारीला लातुरात स्मारकाच्या चौथऱ्यात कलश बसवणार, वीरमातेने यावं. शांतम्मा लेकाचं लिंग घातलेली चांदीची डबी कमरेला खोचून निघाली. कलश मागून घ्यायचा आणि गावी नेऊन मातीत ठेवायचा, एवढंच तिच्या मनात होतं.

मांडवामागच्या खोलीत टेबलावर कलश होता, हार घातलेला. कुणी अडवायच्या आत तिने तो उचलला आणि तिचे हात थांबले. पहिल्या दिवशी दारात घेतला तेव्हाचं वजन तिच्या हातांना पाठ होतं. फडकं सोडलं. आत काही नव्हतं.

समितीचा म्हातारा कारकून शेषेराव खाली बसला. “आई, दुष्काळात मी नांदेडला गंगेत, गोदावरीत सोडलं त्यान्ला,” तो म्हणाला. “वर्ष झालं तरी कपाटात पडून होते. जीव अडकून राहतो हो. पदरच्या पैशानं गेलो. कलश परत न्हाई ठेवला असता तर नोकरी गेली असती.”

“पाणी होतं का गंगेला?”

“होतं की. गुडघाभर.”

तो चांगला माणूस होता, हीच पंचाईत. त्याला शिव्या द्याव्यात तर त्याने आपल्या बापासाठी केलं असतं तेच केलं होतं. मातीत जायचं पोर आधी आगीत गेलं, मग पाण्यात. आणि कलश त्याच्या हाती दिला कोणी? तिनेच.

बाहेर बँड सुरू झाला. समितीचे एक साहेब आत डोकावले, “चला आजी, वेळ झाली.” तिने फडकं पुन्हा बांधलं. रिकामा कलश चौथऱ्यात बसला, सिमेंट लागलं, पोलिसांनी सलामी दिली. शांतम्माच्या अंगावर शाल पडली. तिला त्या सगळ्यांची किळस आली, आणि त्याहून जास्त स्वतःची.

गावी येऊन ती थेट मठात गेली. “स्वामी, मी गेले की माझ्या हातावर दोन्ही लिंगं ठेवा. माझं नि त्याचं.”

स्वामी दचकले. “एका हातावर दोन? असं शास्त्रात न्हाई शांतम्मा. ज्याचं त्याच्याजवळ.”

“नऊ महिने पोटात दोन जीव होते, तवा कोणतं शास्त्र आडवं आलं?”

तिसऱ्या वर्षी ती गेली, तेव्हा बांधावर विरूपाक्षसाठी ठरलेल्या जागीच खड्डा करून तिला बसवलं. चांदीची डबी तिने आधीच मोडीत काढली होती. विरूपाक्षचं लिंग साध्या कापडात बांधलेलं होतं. स्वामींनी ते सोडलं, तिच्या लिंगाशेजारी तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि बोटं मिटवली.