रोझामावशीची परीक्षा

मी ख्रिस्ती आहे, चर्चमधली रविवारची मिस्सा-प्रार्थना चुकवत नाही; पण दृष्टान्त, साक्षात्कार, फोटोतून तेल झिरपणं असल्या प्रकारांचा मला मनापासून तिटकारा. तेव्हा पुढचं वाचून कुणी मला भाविक समजू नये.

रोमला बिशपांची मोठी परिषद चालू होती, त्या वर्षांतली गोष्ट. मी पनवेलला शाळामास्तर, आणि सुट्टीच्या दिवशी चॅपलमध्ये फादरचा हरकाम्या. फादर तरुण, नव्या विचारांचे. "देव माणसांच्या कामात शोधा, धुरात नको," म्हणायचे. मीही मान डोलवायचो. नवा विचार मला समजायचा असं नाही... पण शोभायचा.

रोझामावशी मूळची उरणची, पनवेलला लेकीकडे राहायची. पाय गेलेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. फादर दर शुक्रवारी कम्युनियन घरी नेऊन द्यायचे. कम्युनियनची भाकर म्हणजे रुपयाएवढी पातळ चकती. मिस्सात ती ख्रिस्ताचं शरीर होते अशी आमची श्रद्धा. मावशीचं म्हणणं, मिस्सातली चकती आणि डब्यातली कोरी, मिस्सा न झालेली चकती तिला न बघता ओळखता येते. "आत कोन हाय का नाय, कलतं मना." बायका तिच्याभोवती जमू लागल्या आणि फादर भडकले.

"मास्तर, हे थोतांड आपण मोडायचं."

युक्ती माझी. सारख्या दोन डब्या. एकीत फादरनी मिस्सातली भाकर ठेवली. दुसरीत मी कोरी घातली — कडेला करपलेली, वेदीवर न चालणारी. ओळखीसाठी कोरीच्या डबीला दोरा बांधायचा. बिशपांना पत्रही आधीच लिहून ठेवलं: बाई खोटी ठरली, तिची कम्युनियन थांबवण्यास परवानगी द्यावी. निकाल आधी, परीक्षा नंतर. शाळेत मी हे कधी केलं नव्हतं.

वेदीमागच्या खोलीत, दार लावून, एकट्यानं दोरा बांधला. मनातल्या मनात मी त्या वेळी बिशपांचं शाबासकीचं उत्तर वाचत होतो.

मावशीच्या दाराबाहेर फादरनी दोरा सोडून रुमालात गुंडाळला. आत जाऊन अंधुक उजेडात आधी बिनदोऱ्याची डबी उघडली. मावशीनं ओठ घट्ट मिटले.

"फादर, यात कोन नाय."

फादर माझ्याकडे बघून हसले. मग दुसरी डबी उघडली. मावशीनं हात जोडले, तोंड उघडलं, भाकर घेतली, डोळे मिटून बसली.

"झालं," फादर म्हणाले. "ख्रिस्ताला नाकारलंस आणि कोऱ्या चकतीला हात जोडलेस. आता कम्युनियन बंद."

"मना जेवन नको देऊ, फादर. पन ह्यो बंद नको करू." मग माझ्या दिशेला तोंड करून हळूच म्हणाली, "मास्तर, गाठ मारताना ध्यान कुठं व्हतं?"

बाई बावचळली, असं मी समजलो. वाटेत मोठ्या तोऱ्यात पत्र पेटीत टाकलं.

चॅपलमध्ये फादरनी उरलेली डबी उघडली, भाकर वेदीच्या कपाटात परत ठेवायला. चकतीची कड करपलेली होती.

दोरा मी चुकीच्या डबीला बांधला होता.

फादरनी डबी पुन्हा मिटली. मग म्हणाले, "दोनातलं एक, मास्तर. छापा-काटा. आंधळ्याचाही नेम लागतो."

"मग त्या पत्राचं काय करायचं?"

"ते तुमच्या हस्ताक्षरात आहे."

मग दुसरं पत्र लिहिलं. सगळा गाढवपणा कबूल केला. फादरनी सही केली, पण माझ्याकडे बघितलं नाही. उत्तर आलं: बाईची कम्युनियन चालू ठेवावी, मास्तरांना वेदीजवळ फिरकू देऊ नये. दोन्ही आज्ञा पाळल्या गेल्या.

छापा-काटा मला मान्य आहे. पण गाठ? दोऱ्याचं फादर आणि मी सोडून कुणाला ठाऊक नव्हतं, आणि गाठ चुकलीय हे तर तेव्हा आम्हालाही नाही. शेवटी न राहवून मी मावशीला विचारायला गेलो. ती तांदूळ चाचपून खडे काढत होती.

"मना काय ठावं, मास्तर? तोंडात आलं त्यां बोल्ले. तुमी शिकलेलं, तुमीच सांगा."

यावर बिशपांना तिसरं पत्र लिहावं, असं मला काहीच सुचलं नाही.