कंसातला परिच्छेद

परिषद भवनात तिला सगळे कंसबाई म्हणत. हवामानबदलावर जगभरातल्या संस्थांच्या बैठका तिथे भरत आणि मसुदा टाइप करायचं काम तिच्याकडे असे. ज्या शब्दावर एकमत नाही तो चौकोनी कंसात टाकायचा, एकमत झालं की कंस काढायचा. एकवीस वर्षं ती हेच करत आली होती. "घरीसुद्धा ही 'हो' कंसातच म्हणते," असं नवरा चेष्टेनं म्हणायचा.

यंदाच्या मसुद्यात चौदावा परिच्छेद होता. समुद्रानं ज्यांची घरं गिळली त्यांना दुसरीकडे कोणी वसवायचं, हा त्याचा विषय. तिची थोरली बहीण अशाच एका किनाऱ्यावर राहायची. मागच्या वर्षी पाणी अंगणात यायचं, आता स्वयंपाकघरात.

निधीवाली संस्था म्हणाली, हे आरोग्यवाल्यांचं काम. आरोग्यवाल्यांनी निर्वासितांच्या संस्थेकडे बोट दाखवलं. निर्वासितवाले म्हणाले, आमच्या नियमात लढाईमुळे पळालेले बसतात, पाण्यामुळे नाही. सगळे अदबीनं बोलत होते, खोटंही कोणी बोलत नव्हतं. तिन्ही नावं कंसात गेली. नवव्या दिवशी 'वसवणे' हा शब्दही कंसात गेला.

जेवणाच्या सुट्टीत बहिणीचा फोन आला.

"तुमच्याकडे काय ठरलं गं?"

"चर्चा चालू आहे, ताई."

"मग भांडी माळ्यावर ठेवू की बांधून घेऊ?"

तिनं जेवणाचा डबा बंद केला. मग म्हणाली, "बांधून घे."

शेवटच्या दिवशी अध्यक्ष म्हणाले, "चौदावा परिच्छेद पुढच्या बैठकीत घेऊ. आत्ता काढून टाका."

सभागृहात ती आजवर कधी बोलली नव्हती. "साहेब, राहू दे ना. कंसात तरी राहू दे."

अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे चोळले. "बाई, यावर अडून बसलो तर बाकीचे चाळीसही हातचे जातील."

त्यांचं चुकत नव्हतं. तिनं परिच्छेद निवडला आणि काढला. पंधरावा आपोआप चौदावा झाला. टाळ्या वाजल्या. कोणीतरी येऊन तिचेही आभार मानून गेलं.

महिन्याभरात बहीण दोन बोचकी घेऊन तिच्याकडे राहायला आली. नवऱ्यानं कोणी न सांगता आतली खोली रिकामी करून दिली.

"पुढची बैठक कधी?" बहिणीनं विचारलं.

"दोन वर्षांनी."

"आणि माझी तिथली शेजारीण? तिला तर बहीणही नाही."

कंसबाईनं बोचक्याची गाठ सोडायला घेतली. ती पाण्यानं घट्ट बसली होती, सुटत नव्हती.