लताबाईची वेडीवाकडी गोधडी

लताबाईच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की घरात कुणाचं काही चालत नसे. लग्न होऊन ती मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमधून नाशिकला, सातपूरच्या कामगार वसाहतीत आली, आणि तेव्हापासून तिची किती खुळं येऊन गेली म्हणून सांगावं! आधी मण्यांचं तोरण, मग लोकरीचा कुत्रा, मग डालडाच्या डब्यांत गुलाब. गुलाब जगले, तोरण अर्धं राहिलं, आणि कुत्र्याला दुसरा कान काही फुटला नाही. नवरा सावळीराम कारखान्यात लेथवर होता. तो संध्याकाळी चपला काढता काढताच विचारायचा, "आज काय नवीन?" सासूबाई, म्हणजे धोंडाबाई, काही विचारायच्या नाहीत. त्या नांदगावकडच्या एका खेड्यातल्या, मोजकं बोलणाऱ्या. सुनेचं खूळ आपोआप उतरतं, हे त्यांना एव्हाना ठाऊक झालं होतं.

१९७९ सालच्या दिवाळीनंतर मात्र जे खूळ आलं, ते उतरायचं नाव घेईना. झालं असं, की शेजारच्या कुसाबाईने उन्हाला म्हणून भिंतीवर गोधडी टाकली. कुसाबाई सटाण्याकडची, शेतकऱ्याघरची. तिचा नवरा गोरक्ष सावळीरामच्याच खात्यात होता, त्यामुळे दोन्ही घरांत वाटी-चमच्याचं जाणं-येणं होतं. लताबाई पाण्याची कळशी घेऊन निघाली होती, ती भिंतीपाशीच थबकली. त्या गोधडीत एक तुकडा दुसऱ्यासारखा नव्हता. कुठे तिरका, कुठे त्रिकोणी, कुठे नुसताच लांबोडा. लाल पागोट्याला हिरव्या काठाचं लुगडं भिडलेलं, त्याला धोतराची पांढरी पट्टी, आणि सगळ्यांवरून बारीक टाके गोल गोल फिरत मधोमध गेलेले.

"कुसाबाई, हे असं वाकडंतिकडं मुद्दाम कापलंय?"

"कापेल नही व माय," कुसाबाई आपल्या सटाण्याकडच्या बोलीत म्हणाली आणि हसली. "जसं फाटेल व्हतं तसं जोडेल शे."

मग तिने एकेका तुकड्यावर बोट ठेवून ओळख करून दिली. हे तिच्या बापाचं पागोटं, हे भावाचं धोतर, हे आईचं रोजचं लुगडं. ही गोधडी तिच्या माहेराची होती. गोधडी करायची तर आधी ती कुणाची ते ठरवावं लागतं, असं तिचं म्हणणं. नाहीतर नुसतीच चिंध्यांची रास शिवल्यासारखं होतं. लताबाई ऐकत होती आणि कळशी भरायची राहून नळ गेला, पण त्याचं तिला काही वाटलं नाही. तिला स्वतःची गोधडी हवी होती, आणि ती आत्ताच्या आत्ता हवी होती.

पण कुणाची? दिवसभर ती याच विचारात. भाकरी करपली, सावळीरामने तशीच खाल्ली. माहेराची करावी तर माहेरी पांघरायला कायम रेल्वेची काळी कांबळी. या घराची करावी तर इथे सगळ्यांना विकतच्या सोलापुरी चादरी, गोधडी नावाला नाही. का नाही, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, शिवणं येत नसेल, असं तिने आपलं गृहीत धरलं होतं. आणि मग दुपारी दारात बसून गहू निवडताना समोरच्या सगळ्या दोऱ्यांवर वाळणारे कपडे तिला दिसले, आणि ती चक्क उठून उभीच राहिली. आपल्या लाइनीची गोधडी! ओळीतल्या घराघरातून एक एक तुकडा! कोण कुठून आलेलं, कुणी येवल्याचं, कुणी पेठचं, कुणी बिहारकडचं, सगळे एका पांघरुणात!

धोंडाबाई तेव्हा भाचीकडे देवळालीला गेल्या होत्या. लताबाईला रान मोकळं. ती दारोदार फिरली आणि तिच्या उत्साहापुढे कुणाला नाही म्हणता आलं नाही. मास्तरांच्या घरून शाळेचा फाटका शर्ट मिळाला, कोपऱ्यावरच्या सिंधुबाईकडून नऊवारीचा जरीचा काठ. फिटर रावजीच्या बायकोने त्याची बेलबॉटम पँटच दिली आणि वर म्हणाली, "एकदाची गेली ब्याद!" सगळं आणून लताबाईने खोलीभर पसरलं तेव्हा तिला पाय ठेवायला जागा उरली नाही आणि आनंद मावायला तर नाहीच.

कुसाबाई बघायला आली आणि तिने पहिल्यांदा बेलबॉटमच बाजूला फेकली. टेरिकॉट चालत नाही, सुई अडते. नायलॉन चालत नाही, अंगावरून घसरतं आणि थंडीत गार पडतं. सुती हवं, आणि तेही अंगाखांद्यावर घालून घालून मऊ झालेलं. लताबाईला जे जे चमकदार म्हणून आवडलं होतं ते सगळं बाद झालं, तरी उरलेल्यातच ती हरखून गेली. पिवळ्याशेजारी जांभळा ठेवून बघ, मग तो उचलून लालाशेजारी ठेव, मग लांब जाऊन दारातून डोळे बारीक करून बघ. असं चाललं असतानाच धोंडाबाई परत आल्या.

त्या उंबऱ्यातच थांबल्या. "ह्या कोनाच्या चिंध्या?"

"सगळ्या लाइनीतल्या, आत्या! मी गोधडी करणार आहे. घरोघरी जाऊन आणल्या. कुणी म्हणजे कुणी नाही म्हटलं नाही!"

"कशाला नाय म्हनतील?" धोंडाबाई म्हणाल्या. "त्यांना द्यायची सवय हाय. अन् आपल्याला घ्यायची."

कुसाबाई खाली बघत उठली आणि आपल्या घरी गेली. धोंडाबाईंनी पिशवी ठेवली, हातपाय धुतले, आणि मग सुनेला समोर बसवून, आवाज न चढवता, जे कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

"आमच्या गावात कोनी मेलं की मढ्यावरचं कापड म्हारवाड्यात यायचं. तो आपला हक्क म्हनायचे. हक्क! माझी सासू ती कापडं धुवायची अन् त्याच्याच गोधड्या शिवायची. मीबी शिवल्या. तुझा नवरा तसल्याच गोधडीत निजून मोठा होत व्हता. मग आपुन दीक्षा घेतली. त्या दिवशी सासऱ्यानं घरातल्या सगळ्या गोधड्या अंगनात आनल्या अन् पेटवल्या. ती थंडी पोत्यावर काढली आमी. पोरगं रात्रभर कुडकुडायचं. पन त्या दिसापासून दुसऱ्याचं उतरलेलं कापड ह्या घरात आलं नाय. आज तू आनलं."

लताबाईच्या माहेरीही बुद्धवंदना होती, जयंतीला निळे झेंडे होते, पण रेल्वेच्या वसाहतीत वाढलेल्या पोरीला मढ्यावरच्या कापडाची गोष्ट कुणी सांगितली नव्हती. तिला लाज वाटली आणि रडूही आलं. सगळं परत देऊन टाकते, म्हणाली. पण तिला मनातून ती गोधडी सोडवेना, आणि कुसाबाई तर त्याहून सोडवेना.

"आत्या, पण कुसाबाई तशी नाही हो. ती देते म्हणजे उतरलेलं फेकत नाही."

"नसंल," धोंडाबाई म्हणाल्या. "मग आपलं घेईल का? माझ्या अंगावरलं जुनं लुगडं तिच्या गोधडीत घालंल? घातलं, तर तू खुशाल तिचं घाल, साऱ्या लाइनीचं घाल. नाय घातलं, तर ही रास ज्याची त्याला परत."

एवढं बोलून त्यांनी ट्रंक उघडली. लताबाई म्हणाली, दुकानातून एखादा नवा कोरा तुकडा आणू का. "नव्याला कोन नाय म्हनतं?" असं म्हणून धोंडाबाईंनी एक निळं लुगडं काढलं. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडून त्यांनी ते स्वतःच्या कमाईतून घेतलं होतं, आणि नेसून नेसून ते अगदी मलमलीसारखं झालं होतं. त्यांनी पदराकडून वीतभर फाडलं आणि सुनेच्या हातात दिलं.

लताबाई तो तुकडा घेऊन शेजारी गेली खरी, पण दारातच पदराशी चाळा करत घुटमळली. शेवटी तिने सगळं जसंच्या तसं सांगून टाकलं. मढ्यावरचं कापड, जाळलेल्या गोधड्या, खडी, अट, सगळं. कुसाबाईच्या मांडीवर तेव्हा एक नवी गोधडी होती. ती सासूसाठी चालली होती. सासू साळूबाई डोळ्याच्या ऑपरेशनला सटाण्याहून येणार होत्या, आणि त्या जुन्या वळणाच्या, सगळ्या गावाला धाकात ठेवणाऱ्या होत्या.

कुसाबाई बराच वेळ तुकडा बोटांत चोळत राहिली. "कापड तं लई मऊ शे," ती म्हणाली. आणि मग हळूच, "ठेव. मी लावस."

ठेव म्हणाली, पण लताबाईच्या डोळ्यांत बघून म्हणाली नाही. त्यानंतरचे दिवस लताबाईने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. रास कोपऱ्यात बांधून ठेवलेली, सुई ओवलेली, आणि शिवायची चोरी. उत्साह तर इतका, की भांडी घासतानासुद्धा राखेत बोटाने तुकडे मांडून बघायची आणि सासूची चाहूल लागली की पुसून टाकायची. कुसाबाईकडे जाऊन विचारायचा धीर होईना. ती लावते म्हणाली आणि नंतर घाबरून नाही लावला, तर? मैत्रीण गेली, गोधडी गेली, आणि आत्यांचंच खरं ठरलं. आणि आत्यांचं खरं ठरू नये, असं तिला आतून फार वाटत होतं. त्यांच्यासाठीच वाटत होतं.

साळूबाई आल्या. ऑपरेशन झालं, डोळ्याची पट्टी निघाली, जाड भिंगाचा चष्मा आला. आणि एके सकाळी नवी गोधडी काखेत मारून, सुनेला मागे घेऊन, म्हातारी थेट लताबाईच्या दारात. कुसाबाईचा चेहरा उतरलेला. धोंडाबाई भाजी निवडत होत्या, त्यांनी विळी बाजूला सारली.

"निळं लुगडं तुमनं का?" साळूबाईंनी विचारलं.

"माझं."

"ते ठिगळ मी उसवं."

धोंडाबाईंची मान ताठ झाली. त्यांनी फक्त हात पुढे केला, आपला तुकडा परत घ्यायला.

साळूबाईंनी त्या हाताकडे पाहिलंच नाही. त्या खाली बसल्या आणि गोधडी जमिनीवर उलगडायला लागल्या. सुनेसाठी नव्हे तर धोंडाबाईंना कळावं म्हणून त्या जमेल तशी मराठी लावून बोलत होत्या. "मनी सून भित्री शे. तिनं कुठं लावेल व्हतं माहिती? पायथ्याले! तिले वाटनं, म्हातारीले दिसाव नही. मी विचारं, कोननं शे? मंग रडत रडत सांगं तिनं. अहो, दुष्काळमा खडी मीबी फोडेल शे. वावर व्हतं, पन वावरमा काय व्हतं? त्या कमाईना लुगडाले मी पाय लावू?"

आणि त्यांनी उशाकडची बाजू वर केली. तिथे, बरोबर तोंडाशी येईल असं, ते निळं लुगडं लावलेलं होतं. टाके मोठे आणि वेडेवाकडे होते, नव्या चष्म्यातून घातलेले. "गालले मऊ लागस," म्हातारी म्हणाली.

लताबाईला नाचावंसं वाटत होतं आणि रडावंसंही. तिने कुसाबाईचा हात इतका दाबला की ती "व माय!" करून ओरडली. पण दोघींचंही लक्ष धोंडाबाईंकडे होतं. त्या गोधडीवर वाकल्या. आपल्या तुकड्यावरचे टाके त्यांनी अंगठ्याने चाचपले, एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि पुन्हा. दीक्षेच्या दिवसापासून त्यांनी गोधडीला हात लावला नव्हता.

मग त्यांनी पदराने डोळे पुसले आणि मान वर केली.

"लते, ती रास काढ. अन् सुई इकडं आन." आणि साळूबाईंकडे वळून त्या म्हणाल्या, "तुमीबी द्या एक तुकडा. अंगावरलाच द्या. उशाला लावायचा का पायथ्याला, ते मी ठरवीन."