हार्डी, पण कायच्यासाठी?

फोन आला तेव्हा मी अंगणात बत्त्याने बर्फ फोडत होते. जानेवारीची सकाळ, अंगात स्वेटर, कानाला स्कार्फ आणि बोटं बधिर झालेली. आमच्या रमाताई दवाखान्यात होत्या. आदल्या संध्याकाळी मी भेटायला गेले, तर तोंडावरचा मास्क बाजूला सारून त्यांनी मला एकच काम सांगितलं होतं, "सुनंदा, उद्या बर्फ टाकजो बाई. थंडी चालली..." बर्फ कुठे टाकायचा हे विचारायची गरज नव्हती. अंगणातल्या मोठ्या कुंडीत ताईंची विस्टेरियाची वेल होती, आणि हिमाचलातून आलेल्या त्या वेलीला रायपूरची थंडी पुरत नाही म्हणून दर हिवाळ्यात तिला बर्फ लागायचा. फोनवर माझे मिस्टर होते. "ताई गेली," एवढंच म्हणाले. मी तिथेच उभी राहिले. मग पाहिलं, तर बर्फाची लादी अर्धी फुटलेली आणि पाणी सुटायला लागलेलं. आधी सगळे तुकडे पोत्यात भरले, पोतं वेलीभोवती गुंडाळलं, सुतळी बांधली आणि मग रडायला बसले. ताईंना हाच क्रम आवडला असता, याबद्दल मला शंका नाही.

रमाताई म्हणजे माझी मोठी नणंद. रेल्वेच्या ऑफिसात सगळी नोकरी केली, यजमान लवकर गेले, एकुलती मुलगी मैत्रेयी लग्न होऊन कॅनडात. तात्यापारा वस्तीतल्या आमच्या घरात पुढे आम्ही, मागच्या दोन खोल्यांत ताई, मधे अंगण. नणंद-भावजयीची भांडणं म्हणाल तर झाली, पण स्वयंपाकावरून कधी नाही. झाली ती सगळी त्या अंगणावरून. मला तिथे वाळवणं घालायची असत आणि ताईंना तिथे काश्मीर वसवायचं असे.

हे वेड आलं मैत्रेयीकडून. तिच्या बाळंतपणासाठी ताई कॅनडाला गेल्या, त्या ऐन बर्फात. पहिले दोन महिने फोनवर नुसती कुरकुर... सगळी झाडं मेलेली आहेत, माणसं कुठे दिसत नाहीत, मी परत येते. मग एके दिवशी शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी त्यांना कुंपणापाशी बोलावलं आणि एका वाळक्या काटकीची साल अंगठ्याच्या नखाने जराशी खरवडून दाखवली. आत हिरवंगार. त्या दिवसापासून ताईंच्या फोनचा सूरच बदलला. बर्फ वितळला तशी लिलाकची झुडपं फुलली, मग त्याच बाईंच्या ओसरीवर विस्टेरिया फुलली. हातभर लांब जांभळे घोस, खाली उभं राहिलं की डोक्याला लागतील असे. ताई मला व्हिडिओ कॉलवर ते दाखवायच्या आणि इतक्या भरभर बोलायच्या की अर्धं ऐकूच यायचं नाही. परत आल्या त्या एकच हट्ट घेऊन. असा एक घोस आपल्या अंगणात पाहायचा. एकच. जास्त नको.

आणि इथेच तो घोटाळा झाला, जो फक्त रायपूरच्या माणसाच्याच हातून होऊ शकतो. आमच्याकडे नर्सरीत गेलं आणि माळी म्हणाला की झाड हार्डी आहे, तर त्याचा अर्थ एकच, मेच्या उन्हात गच्चीवर ठेवा, काही होणार नाही. ताईंनी हिमाचलातल्या एका नर्सरीला फोन लावला. तिकडचा माणूस लिलाक, मेपल, हायड्रेंजिया, विस्टेरिया एकेक नाव घेई आणि म्हणे, "मॅडम, एकदम हार्डी है." ताई खूश. मोठं खोकं आलं, कुंड्या भरल्या, आणि सगळी मंडळी गच्चीवर कडक उन्हात मांडून झाली. मे अर्धा उलटेपर्यंत मेपलचा पापड झाला होता, लिलाकच्या काड्या मी चूल पेटवायला मागितल्या आणि बोलणी खाल्ली. एक विस्टेरिया तेवढी वाचली, कारण तिला जागा उरली नव्हती म्हणून ती खाली अंगणात कूलरच्या मागे पडून होती. ताईंनी तावातावाने हिमाचलला फोन केला. तो माणूस बिचारा खरं बोलला. म्हणाला, हार्डीच आहेत की, कितीही बर्फ पडू द्या, मरणार नाहीत. ताई जे हसायला लागल्या, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. फोनवर तोही हसत होता.

तेव्हापासून आमच्या घरात तो शब्द एकटा वापरायची सोय उरली नाही. नवी चप्पल आणली, नवी बाई कामाला लागली, की ताईंचा प्रश्न ठरलेला, "हार्डी हाये, पन कायच्यासाठी?" माझ्या लेकीला, सोनलला पाहायला भिलाईचा मुलगा आला, तेव्हा त्याचे काका सांगत होते की पोट्टा मोठा हार्डी आहे, कुठलीही शिफ्ट द्या. मी ताईंकडे पाहून डोळे मोठे केले, पण उपयोग नाही. विचारलंच. मुलगा हिंदीत म्हणाला, "आत्याजी, गर्मी के लिए. ठंड में तो मैं रजाई से ही नहीं निकलता." ताईंनी तिथल्या तिथे पसंती देऊन टाकली. पोट्टा खरं बोलतो, म्हणाल्या. आज तो आमचा जावई आहे आणि अजून रजाईतून निघत नाही.

वेलीसाठी मात्र ताईंनी जिवाचं रान केलं. उन्हाळ्यात कूलर वेलीकडे तोंड करून, आणि आम्ही घामाघूम. मी एकदा वैतागून विचारलं की ताई, आम्ही माणसं आहोत ना. तर म्हणाल्या, "तुले काय होते? तू उनासाठी हार्डी हायेस." हिवाळ्यात बर्फ. बूढ़ापाऱ्याचा बर्फवाला दिलीप थंडीत बसून असायचा, त्याला हे गिऱ्हाईक देवासारखं वाटायचं. तो लादी आणून टाकायचा आणि विचारायचा, "दीदी, झाड को बुखार है क्या?" शेतकी कॉलेजातल्या एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं की थंडी मुळाला देऊन फायदा नाही, ती फांद्यांवरच्या डोळ्यांना, म्हणजे अंकुरांना लागते. मग ताईंनी बर्फ पोत्यात भरून फांद्यांभोवती बांधायला सुरुवात केली. येणारा-जाणारा पाहत राही. थंडी संपत आली की डोळे फुगायचे आणि ताईंची झोप उडायची. डोळा बारीक आणि टोकदार असेल तर पान, जाड आणि गुबगुबीत असेल तर फूल, हे त्यांनी आम्हा सगळ्यांना शिकवलं होतं. घरात रोज पैजा. दरवर्षी पानंच निघाली. दरवर्षी ताई एक मिनिट हिरमुसायच्या, मग पदराने हात पुसत म्हणायच्या, "पुढच्या थंडीत पाहू." आणि आम्ही मागे हसायचो.

दवाखान्यात तरुण डॉक्टर त्यांना धीर द्यायला म्हणाले, "आंटीजी बहुत हार्डी हैं." ताईंनी मास्क खाली ओढला. "किसके लिए? गर्मी के लिए, कि ठंड के लिए?" डॉक्टर आमच्याकडे पाहायला लागले. मी इतकी हसले की सिस्टर रागावल्या. उत्तर पुढे आम्हाला मिळालंच. मेच्या दुपारी छत्रीशिवाय बाजार करून येणारी ही बाई जानेवारीत गेली. नातेवाइकांत कुजबुज झाली की त्या बर्फानेच... डॉक्टरांनी सांगितलं की दुखणं हृदयाचं होतं, जुनं होतं. तरी मला ती कुजबुज फार लागली, अजून लागते.

ताईंच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी अंगणात मंडप घालायचा होता. मैत्रेयी आली होती, मी तिच्याजवळ आत बसले होते. बाहेरून आवाज आला, "भाभी, ये सूखा झाड़ फेंक दें?" मंडपवाल्यांनी कुंडी फाटकापर्यंत ओढत नेली होती. हिवाळ्यात विस्टेरियाची सगळी पानं गळतात, ती नुसती काटक्यांची जुडी दिसते, त्यांचा काय दोष? मी अनवाणी धावले. मैत्रेयी माझ्या मागे. मंडपवाला समजावू लागला की दीदी गेल्या तसं झाडही गेलं, असं होतं पुष्कळदा. मी खाली वाकले. काटकी धरली आणि अंगठ्याच्या नखाने साल खरवडली. आत हिरवंगार. मैत्रेयीने ते पाहिलं आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून जी रडायला लागली, ती आल्यापासून पहिल्यांदा. कुंडी परत जागेवर गेली. मंडप थोडा तिरका बसला, बसू दे म्हटलं.

मैत्रेयी परत गेली, आणि मग थंडी उतरता उतरता एका सकाळी वरच्या फांदीवर मला एक डोळा दिसला. जाड. गुबगुबीत. मी ओरडूनच ह्यांना बोलावलं. चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं. सोनल नव्या रायपूरहून ऑफिस सुटल्याबरोबर थेट इकडे आली, जावईबापू रजाई सोडून आले, मैत्रेयी व्हिडिओ कॉलवर. "मामी, फूल ही है, पक्का!" ती तिकडून म्हणाली. रोज सकाळी दात घासायच्या आधी मी वेलीपाशी. घरात दुःख होतं, नाही असं नाही, पण त्या दिवसांत आम्ही सगळे एकदम हलके झालो होतो. ताईंनी इतकी वर्षं मागितलेला तो एक घोस त्या गेल्यावर का होईना येणार, असं मी धरूनच चालले होते.

गेल्या आठवड्यात डोळा उघडला. पान निघालं. तांबूस, लव असलेलं, छान तुकतुकीत पान.

ह्यांनी चष्मा लावून ते पुन्हा पाहिलं. मला ताईंचा रागच आला, खोटं कशाला सांगू. एवढा बर्फ, एवढे कूलर, शेवटच्या दिवशीचाही बर्फ, आणि ही वेल एक घोस देईना. मग मी पदराला हात पुसले आणि म्हटलं, "पुढच्या थंडीत पाहू." म्हटल्यावर ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा कुठे मला कळलं की मी काय बोलले.

काल बूढ़ापाऱ्यात दिलीप भेटला. स्कूटर थांबवली, ताईंसाठी हळहळला. मग जरा अडखळत विचारलं, "भाभी, दीदी तो रहीं नहीं... अगली ठंड में लादी रखूँ, कि नहीं?"

"हव," मी म्हटलं, "रखना."