गाईचा घास आणि टाकीतला किडा

मंडळी, आज पहिल्या पाळीवरून घरी आलो, तर बायको माशांच्या टाकीसमोर झाडू धरून उभी!

आमच्या टाकीत खारं पाणी, समुद्रातले दोन मासे आणि जिवंत प्रवाळ आहेत. त्या प्रवाळाखालून वीतभर लांब केसाळ किडा बाहेर आला होता.

"अवो, गोम हाय ती! काढा तिला, नायतर टाकी अंगणात जाईल."

श्रावणी सोमवारी जीव मारणं मला जमणार नव्हतं. चिमट्याने उचलून वाटीभर खाऱ्या पाण्यात ठेवला आणि टाकी देणाऱ्या दुकानदाराला फोन लावला.

"काका, तो उरलंसुरलं खाऊन टाकी साफ ठेवतो. पण एवढा माजलाय म्हणजे तुम्ही खाणं जास्त घालताय."

"चिमूटभरच घालतो."

"आणखी काही?"

"गाईचा घास," मी पुटपुटलो. जेवणाआधी गाईचा घास काढायची आमच्या घरची रीत. गाय विकल्यापासून तो भात मी हळूच टाकीत सोडतो. देवाच्या नावाने काढलेला घास टाकून कसा द्यायचा?

फोन स्पीकरवर होता. बायको हळूच म्हणाली, "माझा भाताचा घास पण मी तिथंच टाकते."

"भात?" दुकानदार ओरडला. "काका, पाणी नासून प्रवाळ मरतील!"

किडा मुकाट्याने परत सोडला. इतके दिवस आमचं दोघांचं पुण्य तो एकटा निस्तरत होता. त्याला मनातल्या मनात हात जोडले.

आता सोमवार सोडायला बसलोय. ताटांबाहेर दोन घास आहेत आणि आम्ही एकमेकांकडे बघतोय. तुमच्या दारात गाय नसेल, तर हा घास तुम्ही कुणाला घालता?