हात मांडीखाली

शोकसभेहून आलेली मंजिरी साडीही न बदलता गॅलरीतल्या खुर्चीत टेकते. दुपार कलली आहे. खालच्या घरात कुणी पीठ चाळतंय. सभेत तिला बोलायला सांगितलं होतं, गोविलकर सरांची जुनी विद्यार्थिनी म्हणून. दोन वाक्यं बोलून ती खाली बसली. लोकांना वाटलं, दुःखानं.

चाळणीचा आवाज लांब जातो. त्याच्या जागी लाकडी सोंगट्या ठेवल्याचा आवाज येऊ लागतो, आणि मंजिरी मिरजेच्या वाचनालयाच्या माडीवर असते. इथेच सरांनी गावातल्या मुलांना बुद्धिबळ शिकवलं. पट मांडलेले आहेत, मुलं मात्र नाहीत. सर एकटेच बसलेत, चष्मा कपाळावर चढवून.

"उशीर केलास," ते म्हणतात. रागावून नव्हे, पटाकडे बघत.

"दुकानात गर्दी होती, सर."

असंच काहीसं ती श्रावणात फोनवर म्हणाली होती. सरांनी विचारलं होतं, "वर्ग सांभाळशील का? मला आता दम पुरत नाही." आणि औषधांची बिलं करता करता ती म्हणाली होती, "दिवाळी होऊ द्या, मग निवांत बघू." सर दसऱ्याआधीच गेले.

पट आता तिच्या औषधांच्या दुकानातल्या काचेवर आहे. सर गिऱ्हाइकासारखे पलीकडे उभे आहेत.

"चाल तुझी आहे."

"कोणती खेळू?"

"साधीच. ते प्यादं एक घर पुढे."

"चुकली तर?"

"चुकली तर हरशील. तुला काय जिंकलेल्या डावांवरून शिकवलं मी?"

तिला हसू येतं. मान वर करते तर काचेपलीकडे दवाखान्यातली खाट आहे आणि सर उशीला टेकून बसलेत. नाकाला नळी आहे. या खोलीत ती कधी आलीच नव्हती.

"सर, मी येणार होते."

"माहीत आहे."

"खरंच येणार होते."

"अगं, माहीत आहे. म्हणून तर रोज दाराकडे बघायचो."

प्यादं समोर आहे, मंजिरीचा हात मात्र उचलला जात नाही.

"हात कुठे आहेत तुझे?" सर विचारतात.

ती खाली बघते. दोन्ही हात मांडीखाली. सर प्रत्येक मुलाला असंच बसवायचे, म्हणजे डोळ्यांआधी हात धावत नाही.

"आधी बघ, मग हात काढ, असं सांगायचो," सर हळू आवाजात म्हणतात. "तू बघतच राहिलीस. की हात काढ म्हणून सांगायचं माझंच राहिलं?"

"नाही सर, तुम्ही सांगितलं होतं," असं तिला म्हणायचं आहे. शब्द ओठांपर्यंत येतात. सर चष्मा डोळ्यांवर ओढतात आणि पुन्हा पटाकडे बघू लागतात, तिची वाट बघायची सवय असल्यासारखे.

पायांवर ऊन आलं आहे. मंजिरी जागी होते तेव्हा तिचे हात खरोखरच मांडीखाली दबलेले असतात, बधिर, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. ती ते ओढून बाहेर काढते आणि मांडीवर उताणे ठेवते. खुर्चीच्या विणीच्या आडव्याउभ्या पट्ट्या तळव्यांत रुतल्या आहेत. लालसर, पांढरी, लालसर, पांढरी घरं.

हातांना मुंग्या येतात. ती हात चोळत नाही. चोळले की घरं पुसली जातील.